दुपारची सवलत

बादलीसाहेबांना बादलीसाहेब का म्हणतात, हे त्यांच्या टेबलासमोर एकदा तक्रार घेऊन उभं राहिलं की आपोआप कळायचं.

"साहेब, मोरीतून घाण वास येतोय हो. घरात बसवत नाही."

साहेब चष्म्यावरून बघणार. "ती मोरी रोज वापरता का?"

"रोज अशी नाही... कुणी पाहुणे आले की."

"बादलीभर पाणी ओता. उद्या वास गेला नाही तर परत या."

झालं. एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी कुणी परत यायचं नाही, कारण वास खरंच गेलेला असायचा. मोरीखालच्या वाकड्या नळीत थोडं पाणी साचून राहतं, ते ड्रेनेजमधली हवा घरात येऊ देत नाही. मोरी वापरली नाही की ते पाणी सुकतं आणि खालचा सगळा वास घरभर होतो. यात काही मोठी विद्या नाही. पण इतकी वर्षं एकच औषध लागू पडत राहिलं की माणसाला त्या औषधाचा अभिमान वाटू लागतो, तसा तो साहेबांना वाटायचा. पालिकेत, बाजारात, कारखान्यांत, सगळीकडे ते बादलीसाहेब झाले होते, आणि आतून त्यांना ते आवडतही होतं.

त्यांचं खरं काम निराळं होतं. कोणत्या कारखान्याने गावाच्या ड्रेनेज लाइनमध्ये काय सोडायचं, किती सोडायचं, कधी सोडायचं, आणि त्याचं शुल्क किती, हे ते बघायचे. अशा माणसाला कुणी आनंदाने खुर्ची देत नाही. लोकांना वाटतं, भोकातून खाली गेलं की संपलं. यावर साहेबांचं डोकं फिरायचं. "संपलं कुठे? तुमचं संपलं. माझं सुरू झालं!" असं ते भर कारखान्यात ओरडायचे, आणि मालक मंडळी माना डोलावून चहा मागवायची.

घरी बायको, आणि एक मुलगी. मुलीने लग्न केलं ते नेमकं पालिकेच्याच ड्रेनेज सफाईच्या टोळीतल्या मुलाशी. साहेबांनी तेव्हा घर डोक्यावर घेतलं होतं. त्या चेंबरमधून काय वाहतं हे गावात सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं? त्यांना. आणि त्यांच्याच मुलीचा नवरा त्यात उभा राहणार!

"अहो, तुम्ही तरी कुठे अत्तर विकता?" बायको म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला.

पुढे जावई त्यांना आवडू लागला, हे त्यांनी कबूल केलं नाही एवढंच. कमी बोलणारा पोरगा. घरी यायच्या आधी इतकं घासून अंघोळ करायचा की त्याच्या आधी साबणाचा वास आत यायचा. साहेब त्याला चेष्टेने 'जावईबापू' म्हणायचे आणि ताटातला मोठा वाटा त्याच्याकडे सरकवायचे.

जावयाच्या टोळीचा म्होरक्या म्हणजे पैलवान. जन्मात कुस्ती खेळलेला नव्हता, नुसतं अंग तेवढं होतं. चेंबरमध्ये उतरायची वेळ आली की तोच उतरायचा, आणि जावयाला वर बसवायचा. "नवीन लग्न झालेल्याने दोर धरायचा," हा त्याचा स्वतःचा कायदा. "खाली गेलास आणि बायकोला वास आला, तर शिव्या मला खाव्या लागतात." जावयाच्या लग्नाला बरेच दिवस होऊन गेले तरी पैलवानाच्या लेखी तो नवाच होता. टोळीत हसून हसून पुरेवाट व्हायची.

हे हसणं कमी होत गेलं ते खोलगट गल्लीमुळे. ही गल्ली कारखान्यांच्या उतारावर सगळ्यात खाली, आणि गावातल्या दोन मोठ्या लाइन तिथल्या चेंबरमध्ये एकमेकींना मिळतात. सकाळी घराघरांतून अंघोळी, धुणी, भांडी यांचं पाणी सुटायचं, त्याच वेळी कापड रंगवायच्या कारखान्याची टाकी सुटायची. संध्याकाळी पुन्हा घरांचं पाणी, आणि त्यात नळ-बिजागऱ्यांना मुलामा चढवणाऱ्या कारखान्याची टाकी. दोन्ही वेळा चेंबर तुंबायचा, झाकण वर उचललं जायचं आणि गल्लीत घाण पसरायची. मग टोळीला बोलावणं. जावई गल्लीतल्या मांडीभर पाण्यात उभा राहून बांबूने चेंबर मोकळा करायचा. त्याच्या पायाला जखम झाली ती भरेना. सुजली, चिघळली, डॉक्टरने डोळे मोठे केले.

मुलगी एका सकाळी माहेरी आली, आणि बसलीसुद्धा नाही. दारातच म्हणाली, "बाबा, तुम्ही कारखान्यांचे साहेब ना? मग त्यांचं पाणी थांबवा. हा रोज त्या घाणीत उभा राहतो. पाय जाईल त्याचा, नाहीतर एक दिवस हाच जाईल. मला काय सांगायचं ते सांगून झालं."

साहेबांना त्या रात्री झोप लागली नाही. पोरीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना.

पाणी थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण त्याची वेळ बदलणं होतं. दुपारी घरांमधलं पाणी ओसरतं, लाइन अर्धी रिकामी पडलेली असते. रंगाची टाकी सकाळीच आणि मुलाम्याची संध्याकाळीच का सुटते? तर ती पूर्वीपासूनची पद्धत. साहेबांच्या आधीच्या, त्यांच्याही आधीच्या कुणा साहेबाने लावून दिलेली. तो साहेब केव्हाच वारला होता, आणि पद्धत तेवढी मागे राहिली होती. का लावली असेल, असा प्रश्न बादलीसाहेबांना पडला, नाही असं नाही. पण लगेच उत्तरही सुचलं: दोन मालकांची एकमेकांशी भांडणं नकोत, म्हणून लावली असेल. स्वतःलाच प्रश्न विचारायचा आणि स्वतःच उत्तर देऊन मोकळं व्हायचं, ही सरकारी टेबलावरची जुनी खोड.

त्यांनी योजना मांडली. जो कारखाना आपली टाकी दुपारी सोडेल, त्याला सांडपाण्याच्या शुल्कात सवलत. सक्ती नाही, दंड नाही, नुसती सवलत. खात्याच्या मुख्य अधिकारी बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी कागद एकदा वाचून वर बघितलं. "इतकं सोपं? मग आजवर कुणाला कसं सुचलं नाही?"

"नाही सुचलं खरं," साहेब म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

समितीत सगळे हात वर गेले. मालक लोक तर खूशच. शुल्क वाचतंय म्हटल्यावर कोण सकाळची वाट बघतोय? दोन्ही टाक्या दुपारी सुटू लागल्या, आणि खोलगट गल्ली कोरडी ठणठणीत झाली. तुंबणं बंद. जावयाच्या पायाची जखम भरून आली. मुलगी घरी आली ती या वेळी बसली, हसली, बापाच्या खांद्यावर डोकं टेकून गेली. पैलवान तर रस्त्यात आडवा येऊन सलाम ठोकायचा. "बादलीसाहेब, तुमच्या कृपेने आम्ही कोरडे सरकारी नोकर झालो! आता आम्हाला इस्त्रीचे कपडे द्या." साहेब 'पुरे रे' म्हणायचे, पण दिवसभर त्यांच्या तोंडावर ते हसू राहायचं.

आणि मग खोलगट गल्लीतला न्हावी तक्रार घेऊन आला.

"साहेब, दुकानातल्या बेसिनमधून सडक्या अंड्यांचा वास येतोय. दुपारी."

"बादलीभर पाणी ओता."

न्हावी दुसऱ्या दिवशी परत आला. इतक्या वर्षांत परत आलेला हा पहिला माणूस. "ओतलं, साहेब. सकाळी ओतलं, दुपारी ओतलं. वास येतोच. आणि माझा पितळी नळ काळाकुट्ट पडलाय. रोज घासतो, रोज काळा."

"मग अजून घासा," साहेब म्हणाले. त्यांना जरा रागच आला होता. औषध लागू पडलं नाही की वैद्याला पेशंटचा येतो तसा.

न्हावी गेला नाही. दारात घुटमळत म्हणाला, "झुरळं वर येतात हो. भर दुपारी, उजेडात. भोकातून येतात आणि फरशीवर उलटी होऊन पडतात. मी औषध मारलेलं नाही. आणि दुपारी माझं डोकं असं ठणकतं की वस्तरा हातात धरायची भीती वाटते."

"बेसिनला जाळी बसवा," साहेब म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. वास्तविक उतार उतरून गेलं की दुकान. एक दुपार तिथे जाऊन नुसते उभे राहिले असते तरी पुरत होतं. पण गल्ली कोरडी होती ना! ज्या गल्लीमुळे सलाम मिळत होते, तिच्याविरुद्ध तक्रार कोण ऐकून घेणार?

त्यानंतर रविवारी मुलगी आणि जावई जेवायला आले होते. बोलता बोलता जावई म्हणाला, "बाबा, आमचं वायूचं यंत्र बिघडलंय." चेंबर उघडला की एक छोटं यंत्र दोरीने आत सोडतात. विषारी वायू असला की ते कर्कश्श ओरडतं. "सकाळी सोडलं तर गप्प. दुपार झाली की बोंबलायला लागतं ते थांबतच नाही."

"म्हणजे आमच्या ऑफिससारखंच की," साहेब म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीनंतर त्यालाही काम नको वाटत असेल."

सगळे हसले. बायकोला तर ठसका लागला.

"मग दुरुस्तीला टाकलंत?"

"टाकलंय. दुसरं येईपर्यंत पैलवान झाकण उघडून ठेवतो, हवा खेळू देतो. मग नाकाने बघतो. वास गेला की उतरतो."

"बरं. जपून हं जावईबापू," साहेब म्हणाले, आणि भात पुढे ओढला.

अरे, काय म्हणावं या माणसाला! त्या क्षणी कुणीतरी त्याच्या कानाखाली काढायला हवी होती. न्हावी दुपार म्हणत होता, यंत्र दुपार म्हणत होतं, आणि ती दुपार ज्याने गावाला दिली तो माणूस ताटावर बसून विनोद करत होता. पण ज्याच्या भल्यासाठी आपण एखादी गोष्ट केली, त्याच्याच जिवावर ती उठेल, असा संशय कुणाला येतो? नाही येत. तिथेच माणूस फसतो.

त्या आठवड्यात साहेब कारखान्यांच्या फेरीवर निघाले. आधी रंगाचा कारखाना. मालकीणबाईंनी त्यांना आत नेऊन हौद दाखवले. पाणी काळंभोर, त्याला तोच सडका वास.

"हा आमच्या काळ्या रंगाचा वास, साहेब. गंधकाचा. सध्या सगळ्यांना काळंच कापड हवंय," बाई म्हणाल्या. "जेवणं झाली की टाकी सोडते. तुमच्या सवलतीने फार बरं केलं बघा."

"नियमात आहे ना सगळं?"

"तपासा की! मर्यादेच्या आतच आहे."

होतंही मर्यादेच्या आत. साहेबांनी मीटर बघितला, मान हलवली आणि रस्ता ओलांडून मुलाम्याच्या कारखान्यात शिरले. तिथल्या मालकाला सगळे चकाकशेठ म्हणत. त्याच्या बोटांत अंगठ्याही इतक्या चकाकत्या की नाव दुसरं काही पडूच शकलं नसतं. धातू साफ करायला तिथे ॲसिडचे हौद असायचे. ते ॲसिड चुना घालून निवळवायचं आणि मग सोडायचं, असा नियम होता.

"या या, अगदी वेळेवर आलात," चकाकशेठ म्हणाला. "आत्ताच व्हॉल्व्ह उघडलाय. ऐका, कसं जातंय!"

टाकीच्या तळातून घळघळ आवाज येत होता. साहेब कठड्याला टेकून खाली बघत होते.

"चुना घातलात ना पुरेसा?"

"घातला हो. थोडं आंबट राहतंच. पण मर्यादेच्या आत!"

मर्यादेच्या आत. हेच शब्द त्यांनी आत्ता रस्त्यापलीकडे ऐकले होते. ते पाणीही आत्ताच सुटत होतं. उतारावरून दोन लाइन खाली जात होत्या, आणि दोन्ही मिळत होत्या त्या एकाच चेंबरमध्ये.

साहेब कठड्यापासून मागे सरले. रंगातल्या त्या गंधकावर ॲसिड पडलं की कोणता वायू सुटतो, हे या खात्यात नोकरीला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगतात. साहेबांनाही सांगितलं होतं. त्यांना ते येतही होतं. पण सवलतीचा विचार करताना त्यांनी लाइन किती भरते एवढंच बघितलं, तिच्यात काय भरतं ते बघितलंच नव्हतं. सकाळ आणि संध्याकाळ अशी पाळी त्या जुन्या साहेबाने भांडणं टाळायला लावलेली नव्हती. ही दोन पाणी एकमेकांना कधी भेटूच नयेत म्हणून ती लावली होती. आणि यंत्र बिघडलेलं नव्हतं. रोज दुपारी ते खरं तेच ओरडून सांगत होतं.

"व्हॉल्व्ह बंद करा!"

"अहो, अर्धी टाकी राहिलीय अजून—"

"बंद करा म्हणतो ना!" साहेबांनी स्वतःच चाकाला हात घातला. चकाकशेठ बघतच राहिला. एका हाताने चाक फिरवत दुसऱ्या हाताने त्यांनी रंगवाल्या बाईंना फोन लावला, "टाकी बंद, आत्ताच्या आत्ता, कारण विचारू नका." मग जावयाला. घंटी वाजत राहिली. काम चालू असलं की टोळीचे फोन गाडीत पडून असतात, हे त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी पुन्हा लावला. सकाळीच मुलगी फोनवर बोलता बोलता म्हणाली होती, आज खोलगट गल्लीत चिंध्या अडकल्यात, तिकडे गेलाय.

स्कूटर त्यांनी उतारावरून कशी नेली हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. तोंडाने एकच चाललं होतं, "तो वर असू दे, वर असू दे." गल्लीच्या तोंडाशी सफाईची गाडी आडवी लागलेली दिसली. गाडीचा ड्रायव्हर फोनवर जिवाच्या आकांताने पत्ता सांगत होता. चेंबरच्या तोंडाशी जावई पालथा पडून आत बघत ओरडत होता.

तो वर होता. साहेबांच्या छातीतून जो श्वास सुटला त्याची त्यांना पुढे फार लाज वाटली, पण सुटला तो सुटला.

"बाबा, पैलवान पडला! वास होता, फार होता, मग एकदम गेला. सगळाच गेला. म्हणून तो उतरला. कोपऱ्यात वळायला अडत होता म्हणून त्याने कमरेचा दोर सोडला आणि—" बोलता बोलता जावयाने पाय आत टाकला होता. दुसरा पाय पायरीच्या लोखंडी कांबीवर.

साहेबांनी त्याला मागून मिठी मारली आणि तसंच मागे ओढलं. दोघेही रस्त्यावर आडवे झाले.

"सोडा!"

"नाही. वास गेलेला नाही, नाक मेलंय तुमचं! वायू फार झाला की नाकच काम करेनासं होतं. खाली गेलात की दुसऱ्या श्वासाला पडाल."

"बाबा, सोडा मला, तो आहे अजून, सोडा!"

जावई तरणाबांड. त्याचं कोपर साहेबांच्या तोंडावर बसलं, ओठ फाटला, चष्मा कुठे उडाला ते कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. ड्रायव्हर धावत येऊन जावयाच्या पायांवर बसला. दुकानातून न्हावी बाहेर आला होता, त्याला साहेब ओरडले, "मागे व्हा! सगळे मागे व्हा! जवळ यायचं नाही कुणी!"

आणि तेव्हा खालून आवाज आला. घोगरा, अर्धवट. "ए... दोर टाक रे."

जावयाने अंगातली सगळी ताकद लावली. साहेबांनी हात सोडले नाहीत. "दोर टाका, दोर!" असं त्यांनीच न्हाव्याला सांगितलं. न्हाव्याने तोंडाला फडका धरून दोर आत फेकला, आणि तो धडपडत मागे आला. दोर तसाच लोंबत राहिला. खालून तो कुणी ओढला नाही.

अग्निशमन दलाचे लोक पाठीवर हवेच्या टाक्या बांधून उतरले, तोवर साहेबांनी जावयाला धरून ठेवलं होतं. पैलवानाला वर काढायला चार माणसं लागली. त्याला रस्त्यावर ठेवल्यावर जावयाने धडपड थांबवली. साहेबांना मात्र आपली बोटं सोडवता येईनात, ड्रायव्हरने ती एकेक करून सोडवली.

सवलत त्याच संध्याकाळी रद्द झाली. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या. त्यांचे डोळे रडून सुजले होते.

"सवलत माझी होती, मॅडम," साहेब म्हणाले.

"ठराव समितीचा आहे. तुमचं नाव त्यात कुठेही नाही. यंत्र नसताना माणूस उतरला, अहवालात एवढंच येईल."

"यंत्र बरोबर होतं. ते खरं बोलत होतं म्हणून आम्ही त्याला दुरुस्तीला टाकलं."

मॅडमनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "मग तसं लिहून द्या," त्या म्हणाल्या. साहेबांनी लिहून दिलं. अजून त्याचं पुढे काही झालेलं नाही.

मुलीच्या घरी गेले तर जावई भिंतीकडे तोंड करून पडलेला. मुलीने बापाचा हात दोन्ही हातांत धरला. "बाबा, तुम्ही होतात म्हणून हा आहे," म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना. जावयाची पाठ हलली नाही. साहेबांनी हात हळूच काढून घेतला. सवलत कुणाची होती हे त्यांनी दोघांना तिथेच, उभ्याउभ्याच सांगून टाकलं. मुलगी बघत राहिली. जावई भिंतीकडे तोंड ठेवूनच बोलला. "त्याच्या बायकोला सांगितलंत?"

"जातोय."

पैलवानाची बायको कपडे अल्टर करून द्यायची. खोलीत एकच खिडकी, खिडकीला लागून शिवणाचं मशीन, आणि मशीनवर पैलवानाचा सदरा, बाही अर्धी उसवलेली. ती लहानखुरी बाई होती. तिने साहेबांना खुर्ची दिली आणि स्वतः मशीनच्या स्टुलावर बसली.

साहेबांनी सगळं सांगितलं. काहीही झाकलं नाही. दोन कारखाने, दोन वेळा, जुनी पाळी, शुल्कातली सवलत, ती कुणाला सुचली, कशासाठी सुचली. न्हावी आला होता, यंत्र ओरडत होतं, आणि आपण हसलो, हेसुद्धा सांगितलं. तिने शिव्या द्याव्यात, सदरा तोंडावर फेकून मारावा, काहीही करावं, याची त्यांनी तयारी केली होती. किंबहुना ते त्याचीच वाट बघत होते.

ती शांतपणे ऐकत होती. ऑफिसातलं कुणी ऑफिसातलं बोलू लागलं की बायका ऐकतात तशी.

"तुमचं ते दरांचं आणि वेळांचं मला कळत नाही, साहेब," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा. ते ओरडले का?"

साहेबांच्या ओठावरची जखम अजून ओली होती. त्यावरून त्यांनी जीभ फिरवली. खोटं बोलता आलं असतं. ड्रायव्हर बोलला नसता, जावईही बोलला नसता.

"हो," ते म्हणाले. "एकदा. दोर मागितला."

तिने मान हलवली. सदऱ्याच्या उसवलेल्या बाहीवरून बोट फिरवलं.

"आणि तुम्ही तुमच्या जावयाला धरून ठेवलं होतं म्हणे."

"हो."

"कुठपर्यंत?"

"अग्निशमनवाले येईपर्यंत."

"म्हणजे वेळ होता," ती म्हणाली.

खाली उतरला असता तर तोही मेला असता, हे साहेबांना सांगायचं होतं. ते खरंच होतं, आणि गावात त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडे बघत होती, रागाने नाही, नुसती बघत होती, आणि ज्याला आपण धरलं तो कोण होता, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

साहेबांनी तोंड मिटलं. ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली, आणि ते बाहेर पडेपर्यंत तिने दार धरून ठेवलं.